कोरे नकाशे भरून झाले, आता काढूही द्या

महोदय,

शाळा उघडल्या की स्टेशनरीच्या दुकानांत कोऱ्या नकाशांचे गठ्ठे येतात. मुले त्यात भीमा निळ्या पेन्सिलीने गिरवतात आणि गुण घेतात. भूगोलाचा शिक्षक म्हणून निवृत्त होईपर्यंत मीही हेच करून घेतले.

गेल्या जूनमध्ये मात्र गल्लीतल्या आठ-नऊ पोरांना घेऊन साखर पेठेतल्या आमच्या भागाचा नकाशा काढायला बसलो. अंतर पावलांनी मोजायचे ठरले. कोपऱ्यावरच्या गिरणीपासून नाक्यापर्यंत एकीची १४० पावले भरली, तर तिच्या धाकट्या भावाची १८५. बरीच हुज्जत झाली. शेवटी १० मीटर सुतळी आणली आणि १ सेंमी म्हणजे १० मीटर असे ठरले. 'प्रमाण' हा शब्द मला उच्चारावाही लागला नाही. यंत्रमागाच्या कारखान्यासाठी एकाने धोटा काढला, दुसरीने घडी घातलेली चादर. तिसऱ्याला दोन्ही कळेनात, म्हणून कोपऱ्यात सूची आली. एका बोळाला घरी तेलुगूत वेगळेच नाव आहे, असे एकीने सांगितले. दोन्ही नावे लिहिली.

उत्तर दिशेने मात्र माझीच फजिती केली. भर दुपारी काठीची सावली उत्तरेकडे पडते, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. ढगांतून ऊन पडल्यावर साडेबाराच्या सुमारास मीटरभर काठी रोवली, तर वीतभरही नसलेली सावली दक्षिणेकडे! सूर्य कुठून उगवतो हे पोरांना गच्चीवरून रोज दिसते, त्यामुळे चूक त्यांनीच पकडली. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. शाळा उघडतात नेमक्या त्याच दिवसांत!

म्हणून शाळांना विनंती, सहामाहीआधी एक अर्धा दिवस यासाठी काढा. चार-पाच जणांचा गट हवा; एकट्याने काढला की भांडण होत नाही आणि सूचीही लागत नाही. महापालिकेने प्रभागाचा मोजणी केलेला नकाशा शाळांना द्यावा, म्हणजे पोरांना आपला ताडून पाहता येईल. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, शहरातल्या ६८ शिवलिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. आमच्या पोरांनी पुढचा नकाशा त्या वाटेचा काढायचे ठरवले आहे. सुतळी बहुधा कमी पडेल.

– एक निवृत्त शिक्षक, साखर पेठ, सोलापूर