मोज्याला खांदा दिसत नाही

संपादक महोदय,

पक्षाघातानंतर घरच्या घरी व्यायाम करून घेणाऱ्या यंत्रांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. माझ्या यजमानांची डावी बाजू लुळी पडून १४ महिने झाले. त्यातले ४ महिने भाड्याने आणलेला, हाताची हालचाल टिपून पडद्यावर दाखवणारा सेन्सरचा हातमोजा आमच्या घरी होता.

मोजा भलताच कौतुक करणारा. पडद्यावरचा पेला उचलला की हिरवा दिवा आणि 'शाबास'! ह्यांना दिवसाकाठी २०० शाबासक्या मिळत. पण हात उचलला जातच नव्हता. खांदा वर ओढून, कमरेतून झुकून ते वेळ मारून नेत होते. मोज्याला ते दिसत नव्हते, मलाही उमगले नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्हिडिओ कॉलवर अर्ध्या मिनिटात पकडले. "फोन बाजूला ठेवा, मला कंबर दिसू दे," म्हणाल्या. मग पाठ खुर्चीला पट्ट्याने सैलसर बांधली आणि २०० चे ४० झाले. ह्यांनी दोन दिवस अबोला धरला, अर्थात माझ्याशी.

महागडे ते गुणकारी, हा समज आमचाही होता. पण ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांच्या चाचणीत (२०१९) रोबोटने हाताचा व्यायाम केलेल्यांचा हात नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारला नाही. २०१६ च्या दुसऱ्या एका चाचणीत व्हिडिओ गेम खेळणारे आणि साधे पत्ते, बिंगो खेळणारे सारखेच सुधारले. आमच्याकडे सध्या कपाटाच्या दाराचा जुना आरसा कामाला आहे. तो दोन हातांच्या मध्ये उभा धरायचा, लुळा हात मागे लपवायचा आणि चांगल्या हाताचे प्रतिबिंब बघत दोन्ही हात हलवायचे. कापून टाकलेल्या हाताच्या जागी भासणाऱ्या वेदनांसाठी मेंदूशास्त्रज्ञ डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी वापरलेली ही युक्ती १९९९ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांवरही करून पाहिली गेली.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. कॅमेरा फोनमध्ये आहेच. खांदा उचलला तर टोकणारे, इंटरनेट गेले तरी चालणारे, एका हाताने दाबता येतील एवढ्या मोठ्या बटणांचे ॲप कोणी करील का? (आमच्या मोज्याचे ॲप सुरू करायला दोन्ही हात लागत!) आणि यंत्राच्या भाड्यातच आठवड्याला अर्धा तास फिजिओथेरपिस्टचा धरावा. मोजा आम्ही परत केला. बाईंचा बुधवारचा कॉल मात्र सोडलेला नाही.

आपली,
एका रुग्णाची पत्नी