पिस्तूल घेण्याआधी हाताला आणि कमरेला विचार

सॅन अँटोनियो, टेक्सास

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू एकदम विचारलंस, "आई, रोज जवळ बाळगायला सगळ्यात छोटं पिस्तूल कुठलं गं?" बाबा शेजारीच बसले होते, म्हणून मी बोलणं आवरतं घेतलं. त्यांना घरात शस्त्र आवडत नाही आणि त्यांच्या त्या मताचा मी मान ठेवते. पण बेकरी तुझी आहे. रात्री कुलूप लावून, दिवसभराची रोकड घेऊन अंधाऱ्या पार्किंगमधून गाडीपर्यंत एकटी जाणारीही तूच आहेस. तेव्हा घ्यायचं की नाही हे तू ठरव. फक्त आकार बघून ठरवू नकोस, आणि त्यासाठीच हे सविस्तर लिहिते आहे.

दुकानातल्या काचेच्या कपाटापाशी उभं राहिलं की सगळ्यात छोटं तेच सगळ्यात सोयीचं वाटतं. रूगरचं एलसीपी घे: रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, जीन्सच्या खिशात मावणारं. पण रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, त्यातून दोन मॅगझिन (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डब्या) झाडून बघ. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने शस्त्र मागे येतं, आणि ते जितकं हलकं तितकं वेगाने येतं. तो सगळा धक्का अंगठ्याच्या बेचक्यात बसतो. मूठ इतकी आखूड की करंगळीला धरायला जागाच नाही, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर पकड हलते आणि नव्याने बसवावी लागते. मी रेंजवर नव्या बायकांना शिकवते तेव्हा हे सारखं बघते. पिस्तूल हाताला लागतं म्हणून सराव टळतो, आणि सराव टळला की ते कमरेवरचं नुसतं ओझं उरतं.

बाई गिऱ्हाईक आली की विक्रेते आणखी एक गोष्ट हमखास पुढे करतात, ती म्हणजे पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर. स्मिथ अँड वेसनचं 642 मॉडेल त्यातलंच. वापरायला सोपं आहे, अडकत नाही, पर्समध्ये जातं, असं सांगतात. अडकणं कमी हे खरं. पण त्याचा चाप दर गोळीला लांबवर आणि जड ओढावा लागतो, जवळजवळ पाच किलोचा जोर. आणि शस्त्राचं स्वतःचं वजन किती, तर चारशे ग्रॅमच्या थोडं वर. चाप ओढता ओढता अख्खं रिव्हॉल्व्हर हलतं आणि नेम खाली नाहीतर बाजूला जातो. मुरलेल्या हातात ते उत्तम शस्त्र आहे. नवशिकीच्या हाती पहिलंच म्हणून ते देणं मला मुळीच पटत नाही.

आता तुझ्या हाताबद्दल. तुझी बोटं माझ्यासारखीच आखूड आहेत, म्हणून हे नीट वाच. पिस्तूल रिकामं आहे याची विक्रेत्याने खात्री करून दिल्यावर तू स्वतः पुन्हा मॅगझिन काढून, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून आत बघ. मग मुठीच्या मागच्या कडेवर हाताची बेचकी जितकी वर जाईल तितकी वर बसव. नळी मनगटाच्या आणि कोपराच्या रेषेत यायला हवी. त्या पकडीत तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचतं का? पोचण्यासाठी पिस्तूल हातात फिरवावं लागत असेल तर ते खाली ठेव, कितीही नावाजलेलं असो. ग्लॉक 19 हे 1988 पासून चालत आलेलं फार भरवशाचं पिस्तूल आहे, 15 गोळ्यांचं. पण त्यात मॅगझिन दुपदरी असल्याने मूठ जाड आहे, आणि भरल्यावर त्याचं वजन साडेआठशे ग्रॅमच्या घरात जातं. तुझ्या हाताला ते रुंद पडेल असा माझा अंदाज आहे, तरी धरून बघच.

माझा कौल मधल्या आकाराकडे आहे. सिगचं पी 365 हे 2018 मध्ये आलं आणि त्याने बाजार बदलला: त्याआधी त्या मापात सहा-सात गोळ्या बसायच्या, यात 10 बसतात आणि मूठ तरीही बारीक राहते. त्याचाच थोडा मोठा भाऊ पी 365 एक्सएल, 12 गोळ्यांचा. ग्लॉकचं 43 एक्स 2019 चं, बारीक पण मुठीला पुरेसं लांब, चारही बोटं बसतात. हे लहान पिस्तूलच, पण एलसीपीसारखं चिमुकलं नाही. भरल्यावर सहाशे-सातशे ग्रॅम होतं, आणि तेच वजन धक्का झेलतं.

स्लाइड ओढणं तुला जड जाईल, आणि त्याचा ताकदीशी तू समजतेस तितका संबंध नाही. पिस्तूल लहान झालं की आतली स्प्रिंग कडक करावी लागते, म्हणून छोट्या पिस्तुलाची स्लाइडच जास्त ताठ असते. पिस्तूल छातीजवळ आण, नळी समोर सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. डाव्या हाताच्या पंज्याने स्लाइड वरून घट्ट पकड आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकल. दोन बोटांच्या चिमटीत धरून मागे खेचायला जातात म्हणून बायका थकतात. एवढं करूनही जमलं नाही, तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघ. ते मुद्दाम हलक्या स्लाइडचं केलं आहे, गोळीच्या .380 या मापातही मिळतं आणि 9 एमएममध्येही.

गोळीच्या मापावरून लोक तासन्‌तास भांडतात. तू 9 एमएम घे आणि पुढे चल. सरावाची काडतुसं त्यातल्या त्यात स्वस्त पडतात, धक्का सोसण्याजोगा असतो, आणि एफबीआयसुद्धा मोठ्या मापाकडून पुन्हा 9 एमएमकडेच वळली. संरक्षणासाठी हॉलो पॉइंट घे, म्हणजे गोळी आत उमलते आणि आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी होतो. ठरलेल्या काडतुसांच्या निदान दोन-तीन पेट्या तुझ्याच पिस्तुलातून न अडखळता चालल्या पाहिजेत. त्याआधी ते कमरेला लावायचं नाही.

आता कमरेबद्दल, कारण तुझ्या कामात खरी अडचण तिथे आहे. तू दिवसभर वाकतेस, पिठाच्या गोण्या उचलतेस, ओव्हनपाशी उभी असतेस. पोटासमोर लावलेलं पिस्तूल हाताला सर्वांत लवकर येतं, पण वाकताना मूठ पोटात रुतते आणि नळी मांडीच्या सांध्यात टोचते. उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या जरा मागे लावलंस तर वाकता येईल, मात्र वाकलीस की पाठीमागून मूठ कपड्यातून उठून दिसेल. लपवायला कठीण जाते ती मूठच. नळी पँटच्या आत जाते, थोडी लांब असली तरी कुणाला कळत नाही. म्हणून आखूड नळीसाठी पैसे मोजू नकोस, मुठीची लांबी बघ.

होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, कायडेक्स या कडक प्लास्टिकचं घे, त्या पिस्तुलाच्या नेमक्या मापाचं, चाप पूर्ण झाकणारं. मऊ कापडी पिशवीसारखी होल्स्टरं घेऊ नकोस. बाहेरून दाब आला तर कापडासकट चाप दाबला जाऊ शकतो. बेल्ट जाड आणि ताठ हवा. वजन बेल्ट पेलतो, आणि बेल्ट लेचापेचा असेल तर उत्तम पिस्तूलसुद्धा दुपारपर्यंत नकोसं होतं. तू दुकानात लेगिंग्ज घालतेस, त्यावर हे काही टिकणार नाही. पोटपट्टा मिळतो, पण ज्याला चापावर कडक कवच बसवलेलं आहे तोच.

आणि तुझा एप्रन! पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवताना एप्रनची नाडी किंवा शर्टाचं टोक चापात अडकलं आणि तू तसंच आत दाबलंस, तर गोळी सुटते, तुझ्याच मांडीत. काढताना घाई समजू शकते, ठेवताना घाई कधीच नाही. कपडा बाजूला धरून, होल्स्टरकडे डोळ्यांनी बघून, सावकाश ठेवायचं. एप्रन चढवणं-उतरवणं दिवसातून अनेकदा होतं. त्या प्रत्येक वेळी पिस्तूल काढायचं-घालायचं नाही. सकाळी होल्स्टरसकट लावायचं, घरी आल्यावर होल्स्टरसकट काढायचं. पिठाचा भुगा आणि घाम दोन्ही पिस्तुलाला वाईट, म्हणून आठवड्याला एकदा उघडून पुसून घे. तेल थोडंच लाव, जास्त तेलावर पीठ चिकटतं.

पर्समध्ये ठेवू नकोस. शस्त्रासाठी वेगळा कप्पा असलेल्या पर्स मिळतात, त्याही नको. 2014 च्या डिसेंबरात आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एक तरुण आई दुकानात खरेदी करत होती. तिच्या अशाच पर्समधलं पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या लेकराच्या हाती लागलं आणि त्या गोळीने ती जागच्या जागी गेली. ती शस्त्राला सरावलेली होती. शनिवारी दादाची मुलं तुझ्या दुकानात काउंटरखाली खेळत असतात, पर्स तिथेच पडलेली असते. अंगावर नाहीतर कुलपात, तिसरी जागा नाही. टेक्सासमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हा गुन्हाही आहे, पण मी ते कायद्यासाठी सांगत नाही.

घरी बोटांनी चटकन उघडणारी लोखंडी पेटी घे आणि ती भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने पक्की कर. तिचा आकडा अनुजाला सांगायचा नाही. तिच्यावर अविश्वास म्हणून नाही गं. ती एच-1बी वर आहे, आणि तशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला शस्त्र किंवा काडतूस जवळ ठेवायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. ती गंमत म्हणून रेंजवर यायचं म्हणेल, तर आधी वकिलाला विचारू दे. तिचं इथलं सगळं आयुष्य त्या व्हिसावर उभं आहे.

तसंच, रेंजवर नेतेस ती बॅग पुण्याला जाताना कधीही वापरू नकोस. तळाशी विसरलेलं एक जिवंत काडतूस भारतातल्या विमानतळावर सापडलं तरी 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात, आणि तिथे 9 एमएम तर सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही. रेंजची बॅग वेगळी, भडक रंगाची ठेव.

टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरी तू परवाना काढ, हे मी आई म्हणून हट्टाने सांगते. त्यासाठी वर्ग करावा लागतो आणि 50 गोळ्यांची परीक्षा असते: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, 250 पैकी 175 गुण. परीक्षा अवघड नाही, पण त्या निमित्ताने कुणीतरी तुझी पकड आणि तुझी शिस्त बघतं. शिवाय दुसऱ्या अनेक राज्यांत तो परवाना चालतो. दारूच्या गुत्त्यावर लाल 51 टक्क्यांची पाटी असते (निम्म्याहून जास्त कमाई दारूची, असा तिचा अर्थ), तिथे परवाना असूनही न्यायचं नाही. मैत्रिणींबरोबर वाइन घेणार असशील त्या संध्याकाळी पिस्तूल पेटीत राहील.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. कुणी गल्ल्यातले पैसे मागितले तर देऊन टाक. इथला कायदा रात्रीच्या चोरीत मालमत्तेसाठीही काही वेळा प्राणघातक बळ वापरू देतो, हे मला माहीत आहे. तू ते मनातून काढून टाक. विमा आहे, कुलूप बदलता येतं. पिस्तूल हे फक्त जिवावर बेतलं आणि निघून जायला वाट उरली नाही, तर. म्हणून त्याच्या आधीची कामं आधी कर: पार्किंगमधला तो बंद दिवा मालकाकडून लावून घे, रोकड रोज ठरलेल्या वेळी नेऊ नकोस, किल्ल्यांना पेपर स्प्रे लाव आणि तोही वापरायला शिक. बहुतेक भीतीला एवढं पुरतं.

ऑनलाइन काही मागवू नकोस. या रविवारी तुझी बेकरी बंद असते, मी सकाळी दहाला येते. रेंजवर पी 365, 43 एक्स आणि ईझी तिन्ही भाड्याने मिळतात. प्रत्येकातून पन्नास गोळ्या झाडून बघ, मग दुपारी कुठलं हात मागतो ते तुला कळेल. कानांचं संरक्षण मी माझ्याकडचं आणते, चष्मा तुझा चालेल. गळा बंद असलेला शर्ट घाल, झाडलेल्या काडतुसाची गरम पुंगळी उडून आत जाते. पायात चपला नकोत. आणि बेल्टची पँट घालून ये, लेगिंग्ज नाही.

जेवायला घरीच ये. बाबांना मी सांगितलंय, त्यांनी भरली वांगी करायचं कबूल केलंय.

तुझी,
आई