फुकटच्या कामाला वेळ कुठून येतो

हॅम्बुर्ग,
५ सप्टेंबर २०२०

ती. बाबांना व सौ. आईला,
शिरसाष्टांग नमस्कार.

अनंत चतुर्दशीला फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही म्हणालात, "आता ऑफिस घरूनच, तेव्हा तुझ्या त्या डेबियनच्या कामाला जोर आला असेल." डेबियन म्हणजे जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून बनवलेली, कुणालाही फुकट मिळणारी संगणकाची कार्यप्रणाली, आणि तिचं काम मी बिनपगारी करते, म्हणून पुष्कळांना असंच वाटतं. झालंय मात्र उलटं, आणि मला त्याची खरंच काळजी वाटते.

वरवर पाहिलं तर काही अडलेलं नाही. आमचं काम पहिल्यापासून ई-मेलवर चालतं. डेबियनचा गाभा म्हणजे लिनक्स; त्याची ५.८ ही आवृत्ती ऑगस्टमध्ये आली, आजवरच्या मोठ्यात मोठ्या आवृत्त्यांपैकी ती एक आहे असं खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी म्हटलं. पण लिनक्सवर काम करणाऱ्या बहुतेकांना कुठली ना कुठली कंपनी पगार देते. डेबियनमधले बरेचसे लोक नोकरी-घर सांभाळून, मुलं झोपल्यावर किंवा रविवारी दुपारी बसणारे. नेमकी तीच वेळ मार्चपासून नाहीशी झाली.

आमच्या गटात स्पेनची एक बाई आहे. शाळा बंद, दोन मुलं घरात, नवरा इस्पितळात नोकरीला. एप्रिलमध्ये तिची दोन ओळींची मेल आली: आता जमत नाही, कुणीतरी घ्या. तिच्याकडचं पॅकेज, म्हणजे डेबियनमधलं ती सांभाळत असलेलं सॉफ्टवेअर, मी घेतलं आणि मग कळलं, ती एकटी काय काय करत होती. कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन) बदलला की सगळं पुन्हा बांधून बघायचं, तक्रारी वाचून कोणती खरी ते ठरवायचं, सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीतही बसवायची. वापरणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. काम सुटतं ते बायकांच्या हातून आधी, हे मला फार लागलं. आई, तुला वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण विश्वासाची. डेबियनमध्ये नवीन माणसाला अधिकार देण्याआधी जुने सभासद त्याच्या डिजिटल किल्लीवर, म्हणजे संगणकावर त्याची ओळख पटवणाऱ्या सांकेतिक खुणेवर, सही करतात. त्यासाठी समोरासमोर भेटावं लागतं: पासपोर्टवरचा फोटो आणि चेहरा ताडून बघायचा, मग किल्लीचा चाळीस अक्षरी ठसा एकेक अक्षर जुळवायचा. फेब्रुवारीत ब्रुसेल्सला फॉस्डेम हे खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन झालं, तिथे मी अशा सह्या केल्या. त्यानंतर भेटीगाठीच बंद. डेबियनचं वार्षिक संमेलन इस्रायलमध्ये हायफाला व्हायचं होतं, ते २३ ते २९ ऑगस्टला ऑनलाइन झालं. व्याख्यानं उत्तम झाली, पण जेवणाच्या टेबलावर नवख्या मुलाला शेजारी बसवून घेता आलं नाही. माणसं टिकतात ती तिथे.

नवे लोक आलेही, हे सांगायलाच हवं. बाबा रोज सकाळी कोविडचे जे आकडे बघतात, ती कोविड१९इंडियाची साइट स्वयंसेवकच चालवतात, आणि तिचा कोडही खुला आहे. एप्रिलमध्ये डेबियनच्या वैद्यकीय गटाने आठवडाभर बसून विषाणूच्या संशोधनाला लागणारी सॉफ्टवेअरं दुरुस्त केली. चतुर्थीला जित्सीवर व्हिडिओ कॉल करून आपण आरती केली ना, त्याचाही कोड कुणालाही घेता येतो. फक्त संकट नवं असतं तेव्हा मदतीला गर्दी होते. रोजच्या झाडलोटीला माणसं कमी पडतात.

बाबा, बडोद्यात मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत तुम्ही आयुष्यभर वाचत आलात. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ती सगळ्यांसाठी काढली, पण पुस्तकं सांभाळणाऱ्यांना दरबारातून पगार होता. आमच्या पुस्तकांचे वाचक जगभर आहेत, दरबार मात्र नाही. कंपन्या हेच सॉफ्टवेअर वापरून पैसा कमावतात, तर त्यांनी सांभाळणाऱ्यांचे तास विकत घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत झालंय. संमेलनातही मी तेच बोलले.

एक काम आहे. दांडिया बाजारातल्या काकूंच्या मुलाची इंटर्नशिप रद्द झाली म्हणालात. त्याला मला मेल करायला सांगा. त्याचं मराठी चांगलं आहे. डेबियनच्या इन्स्टॉलरचं (ते संगणकावर बसवून देणाऱ्या प्रोग्रॅमचं) मराठी भाषांतर तपासण्यापासून सुरुवात करता येईल. पैसे मिळणार नाहीत हे आधीच स्पष्ट सांगा, आणि शिकवीन मी, दर शनिवारी, तुमच्या संध्याकाळी. आई, तू गुडघ्याचं औषध वेळेवर घे.

तुमची,
मनू