मोठ्या शाळेने वस्तीत जायला हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोठ्या सरकारी हायस्कुलांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘पालक शाळेकडे फिरकतच नाहीत.’ ती ऐकून सगळे माना डोलावतात आणि चर्चा निकालाच्या टक्केवारीवर जाते. या तक्रारीचे एक उत्तर न्यूयॉर्कच्या एका मुख्याध्यापकांनी फार पूर्वी, प्रत्यक्ष काम करून दिले होते. त्याची आठवण करून द्यावी म्हणून हे पत्र.

पूर्व हार्लेम ही न्यूयॉर्कमधली दाटीवाटीची, गरीब वस्ती. तिथे १९३४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल हे मुलांचे सार्वजनिक हायस्कूल सुरू झाले. मुले बहुतेक स्थलांतरितांच्या घरांतली. सुरुवातीला इटालियन जास्त, पुढे पोर्तो रिकोहून आलेली वाढत गेली. मुख्याध्यापक होते लिओनार्ड कोवेलो. ते स्वतः दक्षिण इटलीतून लहानपणी आलेले आणि याच वस्तीत वाढलेले. त्यांचे मूळ आडनाव कोविएलो. उच्चार सोपा व्हावा म्हणून शाळेतल्या बाईंनी त्यातला एक स्वर परस्पर काढून टाकला, घरी कोणाला विचारलेसुद्धा नाही. शाळा मुलाला त्याच्या घरापासून कशी तोडते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

तरीही त्यांनी त्याचा रीतसर अभ्यास केला. दक्षिण इटलीतल्या शेतकरी कुटुंबात वाढते मूल म्हणजे कामाला लागलेला एक हात. शाळा तो हात घरातून काढून घेते आणि बदल्यात देते काय, हे त्या आईबापांना दिसत नव्हते. शाळेच्या दाराशी आले तर बोलणे समजत नाही, वर आपलेच मूल आपली लाज बाळगते. अशा माणसांना ‘उदासीन’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ती बिचकलेली होती, आणि बिचकण्यासारखे बरेच घडलेही होते.

कोवेलोंनी मग शाळाच रस्त्यावर नेली. जवळपासचे दुकानगाळे घेऊन, डागडुजी करून तिथे छोटी केंद्रे उघडली. मोठ्या इमारतीची पायरी चढायला कचरणारी आई त्या गाळ्यात सहज यायची आणि स्वतःच्या भाषेत बोलायची. शाळा सोडून गेलेल्या मुलांनाही तिथे जागा होती. संध्याकाळी प्रौढांसाठी इंग्रजीचे आणि नागरिकत्वाचे वर्ग भरत. विद्यार्थी वस्तीची पाहणी करत. घरांची दैना हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग होता. चांगल्या घरांच्या मागणीसाठी शाळा, पालक आणि रहिवासी एकत्र उभे राहिले आणि १९४१ मध्ये नदीकाठी सार्वजनिक गृहवसाहत उभी राहिली. पुढच्याच वर्षी शाळेलाही नवी इमारत मिळाली.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. १९४५ मध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांमध्ये मारामाऱ्या झाल्या आणि त्याची वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. कोवेलो १९५६ मध्ये निवृत्त झाले. पुढे शाळेची घसरण होत गेली आणि १९८२ मध्ये ती बंद पडली. वस्तीही बदलत होती, कारणे अनेक असतील. पण एका माणसाच्या तळमळीवर उभे राहिलेले काम व्यवस्थेत पुरेसे रुजले नाही, असे मला वाटते.

शाळेच्या आकाराबद्दलही थोडे लिहायला हवे. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या अभ्यासकांनी कॅन्सासमधल्या हायस्कुलांची पाहणी केली. ती १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात, पण मुलांची संख्या त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे बरीच मुले नुसती बघ्यांच्या रांगेत राहतात. छोट्या शाळेत नाटक असो की संघ, माणसे कमी पडतात आणि अभ्यासात मागे असलेल्या मुलालाही हाक मारावीच लागते. मोठ्या शाळेत ती हाक ठरवून द्यावी लागते. प्रयोगशाळा, वेगवेगळ्या भाषा, निरनिराळे विषय हे सारे मोठ्या शाळेलाच परवडते, म्हणून ती मोडून टाकण्याच्या मी विरोधात आहे. पण हजारांच्या पटात प्रत्येक मुलाला नावाने, घरासह ओळखणारा एक तरी शिक्षक हवा. तो आपोआप मिळत नाही.

म्हणून शिक्षण खाते चालवणाऱ्यांकडे माझे मागणे साधे आहे. वस्तीत जाण्याचे तास शिक्षकाच्या वेळापत्रकातच धरा. सुटीच्या दिवशी हौसेने करायचे काम म्हणून ते त्याच्यावर टाकू नका. पालकांची भाषा बोलणारा माणूस शाळेत पगारी असावा. संध्याकाळी इमारत वस्तीसाठी उघडी राहावी, आणि दिवाबत्ती, राखण, साफसफाई यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा, नाहीतर पहिल्या काटकसरीत तोच कापला जातो. मुख्याध्यापक बदलले तरी हे काम थांबू नये, यासाठी त्याला लेखी नियमाचा आधार हवा.

आणि पालकसभेला किती जण आले, हे मोजता तसे शिक्षक किती घरी जाऊन आले, हेही मोजावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका