बर्फ कापत नाहीत, मोडतात

आइसब्रेकर, म्हणजे बर्फ फोडणारे जहाज, टोकदार नाळेने (पुढच्या टोकाने) बर्फ कापत जाते, हा समज चुकीचा आहे. अमेरिकी तटरक्षक दलाचे, १९७६ पासून सेवेत असलेले ‘पोलर स्टार’ पाहा. त्याची तिरपी नाळ बर्फावर चढते आणि जहाजाच्या वजनाखाली बर्फ मोडतो. म्हणूनच नाळेचा पोलादी पत्रा सुमारे ४५ मिलिमीटर जाड आहे. सहा फूट जाडीचा बर्फ ते ताशी तीन सागरी मैल वेगाने न थांबता फोडते. त्याहून जाड थर लागला की मागे सरायचे आणि पुन्हा धडक द्यायची. अशाने २१ फुटांपर्यंतचा बर्फ फुटतो. गोलसर बुडामुळे खुल्या समुद्रात मात्र ते भयंकर डोलते.

खरी काळजी जुन्या यंत्रांची. जहाज ढकलणाऱ्या पंख्यावर बर्फाचा गठ्ठा आदळला की हादरा थेट शाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला बसतो. २०१९ मध्ये अंटार्क्टिकातील मॅकमर्डो या अमेरिकी संशोधन तळाकडे जाताना शाफ्टभोवतीचे पाणी रोखणारे सील गळू लागून पाणी आत शिरले. डायव्हरना बर्फगार पाण्यात उतरून बाहेरून ठिगळ लावावे लागले, तेव्हा आतून सीलची दुरुस्ती करता आली. त्याच बनावटीचे जोडीचे जहाज ‘पोलर सी’ इंजिने निकामी झाल्याने २०१० पासून बंद पडले, आणि त्याचेच सुटे भाग काढून ‘पोलर स्टार’ चालवावे लागले. नवे जहाज वेळेत बांधायला हवे होते.

– एक वाचक