मालवणच्या प्रवाळांसाठी सोलापुरातून : वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी सोलापुरात विज्ञान शिकवते. माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, घरची शेती तुरीची. समुद्र आमच्यापासून लांब, तरी हे पत्र मालवणच्या प्रवाळांबद्दल आहे. 1987 साली जाहीर झालेलं तिथलं सागरी अभयारण्य आपल्या खात्याकडे आहे, म्हणून आपल्यालाच लिहिते.

मे महिन्यात आम्ही मुलांना घेऊन मालवणला गेलो होतो. स्नॉर्कलिंगला पाण्यात उतरलो आणि लेक घाबरली. बरोबरचा माणूस म्हणाला, "ताई, उभी राहू दे तिला, दगडच आहे तो." तो दगड म्हणजे प्रवाळ होता. बराचसा तपकिरी, पण एका कडेला पंजाएवढा भाग पांढराफटक. त्या माणसावर माझा राग नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तो तपकिरी रंग प्रवाळाचा स्वतःचा नसतो. प्रवाळ म्हणजे काही मिलिमीटरचे मऊ प्राणी, हजारोंनी एकत्र राहून चुन्याचं घर बांधणारे. त्यांच्या पेशींच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. कितीतरी प्रवाळांची 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज त्यातूनच भागते. बदल्यात शैवालाला आसरा मिळतो, कार्बन डायऑक्साइड मिळतो, प्राण्याने टाकून दिलेलं नत्रही मिळतं. शिवाय प्रवाळाच्या अंगावरच्या चिकट थरात जिवाणूंची वेगळीच वस्ती असते. त्यातले काही नत्र स्थिर करतात, म्हणजे वापरता येईल अशा रूपात आणतात, काही रोगजंतूंना थारा देत नाहीत.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. पेरणीआधी वडील गुळाच्या पाण्यात रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून रोपाला नत्र पुरवणारे जिवाणू, कालवून तुरीच्या बियाण्याला चोळायचे आणि पोत्यावर सावलीत सुकवायचे. महिना-दीड महिन्याने एखादं रोप मुळासकट अलगद काढून मुळावरची गाठ नखाने फोडून दाखवायचे. आत गुलाबी निघाली की म्हणायचे, "कामाला लागलेत." ज्या वर्षी युरियाला हात सैल सुटला, त्या वर्षी गाठी कमी धरायच्या. आयतं नत्र मिळालं की झाड जिवाणूंना विचारेनासं होतं.

समुद्रातही जवळपास असंच घडतं. सांडपाण्याचं नत्र पाण्यात मिसळलं की प्रवाळातलं शैवाल बेसुमार वाढतं, केलेली साखर स्वतःच्याच वाढीला लावतं आणि यजमान अर्धपोटी राहतो. असा प्रवाळ उन्हाळ्यात लवकर हरतो. 43 अंशांत वावरणाऱ्या आम्हा सोलापूरकरांना एका अंशाचं काय वाटणार! पण पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाचं काम बिघडतं, त्यातून घातक रसायनं तयार होतात आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. मग खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. त्या वेळी तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. जगभर एकाच वेळी प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी घटना सुरू असल्याचं एप्रिल 2024 मध्ये जाहीर झालं.

महोदय, समुद्र थंड करा असं मी म्हणत नाही. पण मालवणच्या खडकांवर तापमानाची नोंद ठेवणारी यंत्रं बसवता येतील आणि आकडे दर आठवड्याला लोकांसमोर ठेवता येतील. पाणी तापलं, प्रवाळ फिकट दिसू लागला, की तेवढ्या जागा पर्यटकांना बंद करता येतील. थायलंडने 2016 साली आपल्याकडच्या काही जागा अशाच बंद केल्या होत्या. त्या दिवसांत बोटवाल्यांची आणि गाइडांची रोजी बुडते, तिची भरपाई मात्र आधी ठरवा. तेच लोक नोंदी ठेवायला सगळ्यांत जवळ आहेत. किनाऱ्यावरचं सांडपाणी प्रक्रिया न होता खाडीत जाता कामा नये, हे नगरविकास आणि पर्यावरण खात्यांना आपणच ठणकावून सांगायला हवं. मला विचाराल तर सगळ्यांत आधी हेच करा.

उपयोगी जिवाणू देऊन प्रवाळ वाचवण्याचे प्रयोगही चालू आहेत. ब्राझीलच्या राकेल पेशोटो यांच्या गटाने 2021 साली टाक्यांमधल्या प्रयोगात उष्णतेत तगण्याचं प्रमाण 40 टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलं. फार आशेची गोष्ट आहे. पण टाकी वेगळी आणि समुद्र वेगळा. उद्या कुणी जिवाणूंची बाटली घेऊन आपल्या दारात आलं, तर आधी मालवणच्या प्रवाळांवर कोणते जिवाणू आहेत ते आपल्याच खात्याच्या कांदळवन कक्षाकडून तपासून घ्या. रायझोबियमसुद्धा पीक बघूनच निवडावं लागतं.

आमच्या नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, 1979 पासून. आज माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने माळढोक पाहिलेला नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत माळढोक आहे आणि मालवणचा दगडी प्रवाळही आहे. पुढच्या मे महिन्याआधी निदान तापमानाची यंत्रं पाण्यात उतरावीत, एवढं कराच. आकडे आले की माझी मुलं इथे सोलापुरात बसून त्यांचे आलेख काढतील.

आपली,
सोलापुरातील एक शिक्षिका