२० मिलिग्रॅमच्या जागी ४००: ल्युकेमियाच्या औषधाबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
घरपोच औषध सेवा

विषय: पत्नीच्या व्हेनेटोक्लॅक्स या ल्युकेमियावरील औषधाच्या गोळ्या चुकीच्या पॉवरच्या पाठवणे, चुकीचा सल्ला देणे आणि तक्रार परस्पर बंद करणे.

महोदय/महोदया,

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पहिल्या आठवड्यासाठी १० मिलिग्रॅमच्या १४ गोळ्या लिहिल्या होत्या, रोज दोन. आपल्याकडून आला तो १०० मिलिग्रॅमचा डबा. त्यावरच्या आपल्या लेबलवर छापले होते: रोज चार गोळ्या, जेवणानंतर. म्हणजे वीसपट डोस. कोणतेही औषध देण्याआधी चिठ्ठी आणि लेबल शेजारी धरून वाचायचे, हा माझा नेम आहे. म्हणून ते पत्नीच्या पोटात गेले नाही. आपल्या कोणत्याही तपासणीमुळे नव्हे.

मी फोन केला तेव्हा आपला प्रतिनिधी म्हणाला, "पेशंट तर जुना आहे, मग एवढी घाई कशाची?" या एका वाक्यात आपल्या सेवेचा सगळा गोंधळ आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

पत्नीला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सहसा संथपणे वाढणारा रक्ताचा कर्करोग आहे. या आजारात निदान झाले की लगेच औषध सुरू होतेच असे नाही. त्रास नसताना लवकर उपचार केल्याने आयुष्य वाढत नाही, म्हणून डॉक्टर नुसते लक्ष ठेवतात. आम्हीही कित्येक वर्षे तेच केले. रक्त तपासायचे, पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तरी घाबरायचे नाही (नुसत्या त्या आकड्यावर उपचार ठरत नाहीत), रिपोर्ट फाइलला लावायचा आणि आपापल्या कामाला लागायचे. ही आजारी आहे हे नातेवाइकांना पटतही नसे. मग हिमोग्लोबिन १० च्या खाली गेले, प्लेटलेट लाखाच्या आत आल्या, रात्री घामाने कपडे बदलावे लागू लागले. डॉक्टर म्हणाले, आता थांबायचे नाही. काही न करण्याची सवय लागलेल्या घरात एकदम सगळे सुरू झाले: जनुकांच्या तपासण्या, ओबिनुटुझुमॅब या दुसऱ्या औषधाची सलाइन, माझ्या रजा, तापाची वही. आजार जुना आहे, उपचार नवे आहेत. आपल्या संगणकाला हा फरक कळत नसेल तर निदान माणसाला कळायला हवा.

आता घाईबद्दल. व्हेनेटोक्लॅक्स २० मिलिग्रॅमने सुरू करून दर आठवड्याला ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४०० असे चढवतात. कर्करोगाच्या पेशी एकदम फुटल्या तर रक्तात पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिक ॲसिड वाढते. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ते टाळण्यासाठी आम्ही दोन दिवस आधीपासून युरिक ॲसिड कमी करणारी गोळी सुरू केली होती आणि पत्नी रोज मोजून दोन लिटर पाणी पीत होती. पहिल्या डोसच्या आधी, नंतर ६ ते ८ तासांनी आणि पुन्हा २४ तासांनी रक्त तपासायचे, असे रुग्णालयाने ठरवून दिले होते. त्या सगळ्या तयारीत एकच गोष्ट नव्हती. गोळी.

यावर आपल्या प्रतिनिधीने सुचवले की १०० ची गोळी तोडून द्या. या गोळीचे तुकडे करायचे नसतात, ती अख्खीच गिळायची असते. आणि पाच सारखे तुकडे कोणत्या सुरीने करायचे, तेही विचारून घ्यायला हवे होते. फार्मासिस्टशी बोलू द्या म्हटले, तर रुग्ण स्वतः फोनवर आल्याशिवाय देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. माझ्या नावाचे संमतिपत्र तिच्या सहीने नोंदणीच्या वेळीच आपल्याकडे दिलेले आहे. ती थकून झोपली होती. केवळ आपला रकाना भरण्यासाठी मी तिला उठवले नाही. थोड्याच वेळात मला 'आपली समस्या सोडवली आहे, सेवेला किती तारे द्याल?' असा संदेश आला.

पण सर्वांत गंभीर प्रकार संध्याकाळचा. आपल्या ॲपने तिच्या मोबाइलवर कळवले: 'आज डोस चुकला आहे, आता ४ गोळ्या घ्या.' डबा मी उचलून ठेवला होता म्हणून बरे. जिला ताप आणि थकव्याने धड सुचत नाही, जिने नुकताच उपचारांवर भरवसा ठेवायला सुरुवात केली आहे, तिला यंत्राने असे सांगावे? ती मला विचारत राहिली, "मग डॉक्टरांचे बरोबर की यांचे?"

शेवटी रुग्णालयाच्या फार्मसीने १० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळवून दिल्या, पण पहिला डोस पुढे ढकलावा लागला आणि तपासण्यांच्या वेळा नव्याने जुळवाव्या लागल्या.

चुकीचा डबा 'कर्करोगाचे औषध परत घेतले जात नाही' या नियमाखाली आमच्या माथी मारू नये. तो परत न्यावा आणि पूर्ण रक्कम द्यावी. चिठ्ठीतले १० मिलिग्रॅम आपल्याकडे १०० कसे झाले, आणि पाठवण्यापूर्वी चिठ्ठी कोणी पडताळली की नाही, याचा लेखी खुलासा हवा. 'चूक झाली, क्षमस्व' एवढे पुरणार नाही. डोस चढवण्याच्या पाच आठवड्यांत आपल्या फार्मासिस्टने रुग्णालयाशी बोलल्याशिवाय एकही डबा निघू नये. तिच्या मोबाइलवर येणाऱ्या डोसच्या सूचना आजच बंद कराव्यात. यापुढे सर्व फोन मला करावेत.

पुढच्या आठवड्याच्या ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या मी रुग्णालयातूनच घेणार आहे. त्यांची आपल्याकडे आपोआप लागलेली ऑर्डर रद्द झाल्याचे लेखी कळवावे.

आपला ग्राहक
(नोंदणी रुग्णाच्या नावे, मी तिचा पती व अधिकृत काळजीवाहक)

सोबत: डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, डब्याचे व लेबलचे फोटो, ॲपच्या संदेशाचा स्क्रीनशॉट, संमतिपत्राची प्रत.